भीमराज मिस्तरी आणि बर्फगाडीचा दांडा

नळाला वेळेआधी पाणी आलं तरी भीमराज भिंगारदिवेला वाटायचं, यात काहीतरी गोम आहे. नगरजवळच्या केडगावात, त्याच्या गल्लीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बायको भागिरथी म्हणायची, "ह्यांना सपान पडलं तरी सकाळी उठून त्याचे कागद मागतील."

माणूस जन्मतः असा नव्हता. सतरा वर्षं लष्करात गाड्यांचा फिटर होता, तेव्हा चारचौघांसारखाच हसरा होता. सुटून आल्यावर तो एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या गॅरेजात लागला. तिथल्या मॅनेजरनं एकदा तोंडी सांगितलं, या ट्रकच्या स्प्रिंग-कमानीची दोन पानं काढ आणि त्या दुसऱ्याला बसव, माल तातडीनं जायचाय. भीमराजनं काढली. चौथ्या दिवशी पानं काढलेला ट्रक घाटात कलंडला, क्लीनरचा पाय गेला, आणि मॅनेजरला आपण काय सांगितलं होतं ते काही केल्या आठवेना. पोलीस ठाण्याच्या बाकावर भीमराजनं सहा दिवस काढले. गुन्हा शाबित झाला नाही, पण त्या बाकावरून उठला तो वेगळाच माणूस. पुढं त्यानं नागापूरच्या एमआयडीसीत पत्र्याचं वर्कशॉप टाकलं, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला आणि शेजारच्या फळ्यावर ठळक लिहून ठेवलं : तोंडी काम होणार नाही.

सत्त्याण्णव सालच्या डिसेंबरात एक टेम्पो त्या वर्कशॉपच्या दारात येऊन उभा राहिला. ताडपत्री घट्ट आवळलेली. केबिनमधून पन्नाशीचा, उन्हानं रापलेला माणूस उतरला. भर दुपारच्या उन्हात त्याच्या अंगात जाड जाकीट होतं आणि डावा हात खिशात.

"जय हिंद, मिस्तरी. मी गोरक्षनाथ झावरे. टाकळीकडचा. फौजेत डायवर होतो."

"जय हिंद. काय आणलंय?"

गोरक्षनाथनं उजव्या हातानं ताडपत्री सोडली. आत पिवळ्या रंगाचं, पुढं दोन घसरपट्ट्या आणि मागं रुंद रबरी पट्टा असलेलं एक धूड होतं. भीमराजनं लष्करात असताना असली गाडी लांबून पाहिली होती. बर्फावर चालणारी. नगरात तिचं काय काम?

"इथल्या फौजेच्या लिलावात घेतली," गोरक्षनाथ म्हणाला. "मी वीस वर्सं झाली, हिमाचलात ऱ्हातो. बायको तिकडलीच हाय. हिवाळ्यात वरच्या तीन वस्त्यांवर डाक आन औषधं पोचवायचा ठेका हाय माझ्याकडं. पंधरा दिवसांत ट्रकमधून वर न्यायची. त्याच्या आधी एक काम करा. हिचा स्वे बार काढून द्या."

भीमराज वाकून पुढं बघू लागला. डावी घसरपट्टी आणि उजवी घसरपट्टी यांना जोडणारा अंगठ्याएवढा जाड पोलादी दांडा होता, तोच स्वे बार. जीपला असतो तसाच. एक बाजू दबली की दुसरीलाही सोबत ओढायची आणि गाडी कलू द्यायची नाही, एवढंच त्याचं काम. तो उभा राहिला.

"हा काढल्यावर गाडी डुलल की."

"तेच पायजे."

"का?"

"डोंगरात तसंच लागतं."

भीमराजच्या मनात पहिली पाल चुकचुकली. गाडी कलू नये म्हणून बनवणाऱ्यानं घातलेला दांडा, आणि हा म्हणतो कलायला पायजे. त्यानं फळ्याकडं बोट केलं. "लिहून द्या. 'माझ्या मर्जीनं काढायला लावला' एवढी एक ओळ आन खाली सही."

गोरक्षनाथचा चेहरा उतरला. "कागद कशाला? दोघं फौजी माणसं आपन."

"फौजीच कागद मागतो."

"उद्या देतो," म्हणत त्यानं विषय बदलला. एवढ्यात समोरच्या टपरीवरून चहा आला. भीमराजनं आपला चहा बशीत ओतला. गोरक्षनाथनं मात्र बशी बाजूला ठेवली, कप उजव्या हातात धरून तसाच कढत चहा फुंकत प्यायला. डावा हात खिशातून निघालाच नाही. भीमराज ते बघत राहिला. टाकळी म्हणजे पारनेर तालुका; तिथला माणूस आणि बशीत चहा ओतत नाही? हा टाकळीचा तरी आहे का?

तो गेल्यावर भीमराजनं शटर अर्धं ओढलं आणि सायकल काढून थेट पुंजारामचं भंगाराचं गोदाम गाठलं. पुंजाराम जिल्ह्यातला एकही लिलाव चुकवत नसे.

"पिवळी घसरगाडी व्हय? माझ्यासमोर घेतली त्यानं," पुंजाराम म्हणाला. "कागद पक्के हायेत. मीच वाचून बघितले."

दुसऱ्या दिवशी भीमराजनं गाडीवरचा नंबर कापडानं पुसून लिलावाच्या कागदाशी ताडून पाहिला. जुळला. मग गप्पांच्या ओघात त्यानं टाकळीच्या शाळेची, बाजाराच्या वाराची, ओढ्यावरच्या पुलाची चौकशी केली. गोरक्षनाथनं सगळं बिनचूक सांगितलं, वर आपली बहीण राहीबाई अजून तिथंच असते म्हणून घर कुठल्या आळीत तेही सांगितलं. एखाद्याची शंका इथं मिटली असती. भीमराजची उलट वाढली. सगळं खरं आहे, तर एका ओळीवर सही करायला हा का कचरतो?

भीमराज रोज नवी सबब सांगू लागला. आज बोल्ट गंजलेत, उद्या पान्हा मिळत नाही. गोरक्षनाथ रोज येई, उजव्या हातानं चहा पिई, आणि कागदाचा विषय निघाला की रस्त्याकडं बघे. भीमराजच्या डोक्यात नाही नाही ते येई. ह्याला ही गाडी कुणाला तरी द्यायची असंल. त्यानं उलटून पडावं असं ह्याच्या मनात असंल. मग बाकावर परत कोण बसणार?

चौथ्या दिवशी जेवताना भागिरथीनं विचारलं, "भाकरीकडं असं का बघताय? मी काय कालवलंय का तिच्यात?"

भीमराजनं सगळं सांगितलं.

"आन त्या मानसाला ईचारलं का?"

"काय ईचारायचं?"

"आवो, पुंजारामला ईचारलं, नंबरप्लेटीला ईचारलं, टाकळीच्या पुलाला ईचारलं. त्या मानसाला बसवून ईचारा की, बाबा, तुला काय झालंय."

भीमराजनं ताटातली भाकरी संपवली. दुसऱ्या दिवशी गोरक्षनाथ आला तेव्हा त्यानं सरळ सांगितलं, "दांडा काढायचा तर आधी मला दाखवा, त्यो असल्यानं काय अडतं ते."

"इथं बर्फ कुठून आणू?"

"बर्फ न्हाई. भुसा हाय."

राहुरीच्या वाटेवर एका साखर कारखान्याच्या यार्डात सूर्यभान नावाचा मुकादम होता, भीमराजचा जुना दोस्त. गाळप सुरू होऊन महिना उलटला होता आणि यार्डात उसाच्या भुशाचा दोन मजली ढीग लागला होता. भुसभुशीत, ओलसर, पाय ठेवला तर गुडघ्यापर्यंत आत. सूर्यभाननं आधी कपाळावर हात मारला. भुशात ठिणगी पडली तर नोकरी जायची. शेवटी पाण्याची चार पिंपं, भिजवलेली पोती आणि ढिगाच्या एकाच कडेला गाडी चालवायची, एवढ्या अटींवर तो कबूल झाला. पाणी गाडीलाही हवंच होतं. बर्फ नसला की रबरी पट्टा ज्यांच्यावरून सरकतो त्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या तापून वितळतात. म्हणून सूर्यभानच्या दोन गड्यांनी गाडीच्या वाटेवर बादल्या ओतून भुसा चिंब केला.

टेम्पोतून गाडी उतरवली आणि गोरक्षनाथ तिच्यावर चढला. इंजिन खोकलं, मग फटफटत सुरू झालं. ऊस खाली करायला आलेले गाडीवान बैल सोडून बघायला धावले. भुशाचा डोंगर डाव्या अंगाला घेऊन आडवं जायचं होतं. दहा हात गाडी नीट गेली. मग उताराच्या बाजूनं ती खाली सरकायला लागली. गोरक्षनाथ डाव्या पायावर उभा राहून गाडी डोंगराकडं ओढू बघत होता. पण त्या दांड्यामुळं दोन्ही घसरपट्ट्या एकदम धरून राहिल्या होत्या, गाडी उताराला चिकटून बसली होती, कलायचं नाव नाही. त्यानं डाव्या हातानं जोर लावला आणि भीमराजला त्याची किंकाळी ऐकू आली. हात सुटला. गाडी आणि माणूस दोघंही भुशात घसरत खाली आले.

सूर्यभाननं इंजिनावर ओली पोती टाकली. भीमराजनं गोरक्षनाथला बाहेर ओढला. तो डावा खांदा धरून बसला होता, डोळ्यांत पाणी.

"कधीपासून?" भीमराजनं विचारलं.

"मागल्या फेब्रुवारीपासून." गोरक्षनाथ तोंडातला भुसा थुंकला. "जुनी गाडी अशीच उलटली, मी खाली. खांदा निखळला. तिकडच्या वैदूनं बसवला, पन नीट न्हाई बसला. डावा हात वर जात न्हाई. चहाची बशी धरवत न्हाई, मिस्तरी."

भीमराजला चार दिवसांचे कप आठवले. आपण त्या बशीवरून माणसाचं गावच खोटं ठरवत होतो.

"मग तिकडंच का न्हाई काढला दांडा?"

"तिकडं मिस्तरी एकच हाय, आन त्यो ठेका देनाऱ्या सायबाचा मेव्हना. खांद्याचं कळलं की ठेका दुसऱ्याला. कागदाचंबी तेच भ्या. उद्या कुनी ईचारलं, सगळ्यांच्या गाडीला दांडा, ह्याच्याच का न्हाई? बार असला की गाडी कलवायला दोन हातांचा जोर लागतो. नसला की नुसतं अंग टाकलं तरी कलते. माझ्याकडं अंग हाय. हात न्हाई."

भीमराज उठून गाडीपाशी गेला. मग त्यानं हत्यारांची पेटी उघडली. गंजलेत म्हणून सांगितलेले बोल्ट तेल पिऊन केव्हाच सैल झाले होते. दोन्ही टोकांच्या कड्या सोडल्या, मधले पट्टे काढले आणि दांडा बाजूनं ओढून घेतला. अर्ध्या तासाचं काम. लोंबत्या कड्याही काढल्या, कुठं अडकायला नकोत म्हणून.

या वेळी गोरक्षनाथनं डावा पाय रोवून नुसतं अंग डोंगराकडं टाकलं. गाडी आज्ञाधारक वासरासारखी कलली, वरची कड भुशात रुतली आणि ती आडव्या उतारावरून सरळ पार गेली. गाडीवानांनी शिट्ट्या मारल्या.

भीमराजनं मात्र शिट्टी मारली नाही. "उतरा," म्हणाला, आणि स्वतः बसला. ढिगाखालच्या सपाटीवर, ओल्या भुशात त्यानं गाडी जरा जोरात वळवली. तशी ती बाहेरच्या बाजूला अशी झुकली की तो पडता पडता वाचला. खाली उतरला तेव्हा चेहऱ्यावर समाधान होतं. दांडा काढल्यानं जे हरवतं तेही त्याला आता दिसलं होतं.

"उतारावर ठीक. सपाटीवर वळताना बैलगाडीच्या चालीनं जायचं. कबूल?"

"कबूल."

"आन खांदा इथल्या डाक्टरला दाखवायचा. वर जायच्या आत. मी सोबत येतो."

"तुमी कशाला?"

"तुमी न्हाई गेला तर मला कसं कळनार?"

सूर्यभाननं वजनकाट्याच्या खोलीतून एक कोरा कागद आणला. गोरक्षनाथनं त्यावर ती एक ओळ लिहिली आणि खाली सही केली. भीमराजनं कागद घेतला, दोनदा वाचला, आणि मग गाडीच्या सीटवर ठेवून खाली स्वतःच्या हातानं लिहिलं : 'गाडी चालवून, पारखून, मी काढला. भीमराज भिंगारदिवे, फिटर.' त्या ट्रकनंतर पहिल्यांदा त्यानं कुणाच्या सहीखाली आपलं नाव घातलं होतं. घरी गेल्यावर भागिरथीला हे सांगताना त्याचा आवाज जरा चोरटा झाला. ती म्हणाली, "बरं केलं," आणि दुसरी भाकरी वाढली.

गोरक्षनाथ आठवड्यानं गेला. डॉक्टरनं खांद्याला पट्टा आणि व्यायाम दिले होते. भीमराजनं ते व्यायाम त्याच्याकडून तीन वेळा करून घेतले. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. बातमी नाही. भीमराज पेपरातली हिमाचलची प्रत्येक बातमी बोट ठेवून वाचे आणि उगाच घाबरे. एप्रिलात टाकळीकडचा एक टेम्पोवाला निरोप घेऊन आला : राहीबाईचा भाऊ सुखरूप आहे, हिवाळा पार पडला.

भीमराजचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तो टाकळीला गेला.

राहीबाई अंगणात शेणी थापत होती. अनोळखी माणसानं नाव सांगताच हात धुऊन लगबगीनं उठली. "भाऊ तुमचं लई बोलतो. परवाच दुकानात त्याचा फोन आल्ता. समदा हिवाळा एकदाबी पडला न्हाई म्हनला."

"एकदाबी न्हाई? नक्की? आवाज त्याचाच हुता?"

"माझ्या भावाचा आवाज मला कळंना व्हय?"

"खांदा?"

"हात डोक्यापत्तुर जातोय म्हनला."

भीमराजनं आणखी दोन-तीन प्रश्न विचारले. राहीबाईनं न कंटाळता उत्तरं दिली. तेव्हा कुठं तो पायरीवर टेकला.

"पुढल्या फोनला त्याला एक सांगा. दांडा न्हाई म्हनून घसरपट्टीच्या बिजागरीतली रबरं लवकर झिजत्याल. दर म्हैन्याला बघायची. फाटली की लगेच बदलायची."

"घसरपट्टीच्या बिजागरीतली रबरं," राहीबाई म्हणाली.

"दर म्हैन्याला."

"दर म्हैन्याला बघायची, फाटली की बदलायची. पाठ झालं, भाऊ."

"पुन्ना एकदा म्हना बरं," भीमराज म्हणाला.

राहीबाई हसली, पदर सावरून खाली बसली, आणि शाळेतल्या कवितेसारखं तिनं ते पहिल्यापासून पुन्हा म्हणून दाखवलं.