आईच्या हातातलं कमळ

काल घर रंगवायला आलेल्या माणसाने टर्पेंटाइनचा डबा उघडला आणि मी एकदम मंगरूळपीरला, पेंटरचाचांच्या दुकानात जाऊन पोचले.

तेव्हा मी दहा वर्षांची होते. चाचा फोटोवरून माणसांची चित्रं रंगवायचे. त्यांचा एक नेम होता, त्यांनीच मला सांगितलेला. "जित्या मानसाच्या हातात कळी, गेलेल्याच्या हातात उमललेलं फूल." एक दिवस बाबांसोबत आईचं चित्र आणायला गेले होते. चाचांनी वरचं फडकं काढलं. आई हुबेहूब होती, कपाळावरच्या व्रणासकट. आणि छातीशी धरलेल्या हातात पूर्ण उमललेलं कमळ!

"चाचा, तुमी चुकले! माही माय तं घरी भाकरी करून राह्यली."

चाचा बाबांकडे वळले. "डाक्टर काय म्हनले, थे पोरीले सांगतलं नाई तुमी?"

बाबा दाराबाहेर बघत राहिले. आईच्या नागपूरच्या फेऱ्या, उशाखालच्या गोळ्या, सगळ्याचा अर्थ त्या फुलाने सांगून टाकला. चाचांनी ब्रश उचलला आणि एकेक पाकळी मिटवत कमळाची कळी केली.

आई दिवाळीआधी गेली. कितीतरी वर्षं मी बाबांवर रागावून होते. आजाराने चेहरा उतरायच्या आत त्यांना तो जपून ठेवायचा होता, हे फार उशिरा कळलं.

काल भिंतीवरची ती तसबीर उतरवून पुसली. वरचा रंग आता विरलाय. कळीच्या आतून पाकळ्या दिसायला लागल्यात.

"आई, हे कळी हाये का फूल?" माझ्या लेकीने विचारलं.

मी दाराबाहेर बघत राहिले.