बांगडीवालीचं कडवं

जव्हारला आमचं बांगड्यांचं दुकान. लग्नसराईत खेड्यांवर जाऊन नवरीला काकणं भरायचं काम माझ्या सासूबाईंचं. त्यांना घरात सगळे अम्मी म्हणत. नव्वदच्या सुमारास लग्न होऊन आल्यावर मीही टोपली घेऊन त्यांच्यासोबत जाऊ लागले. मला जीप हमखास लागायची. दाभोशाच्या वळणांवर तर विचारूच नका.

दाभोशाला लग्नाची गाणी म्हणणारी एक म्हातारी होती. काकणं भरताना बांगडीवालीला गाण्यातून चिडवायचं, ही तिथली रीत. चाल जुनीच, पण चिडवणं त्या दिवशीचं हवं. गेल्या लग्नातलं कडवं पुन्हा आलं की बायका तोंडावर सांगत, "शिळं हाय, बाय!" अम्मींचं वजन, काळी छत्री, पानानं रंगलेले दात, सगळं गाऊन झालं होतं. अम्मी वरवर रागवत आणि परतताना जीपमध्ये तेच गुणगुणत. मला मात्र कुणी चिडवत नसे, आणि खरं सांगते, मला अम्मींचा हेवा वाटे.

अम्मी गेल्या, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी दाभोशाला एकटीच गेले. म्हातारीचा आवाजही बसला होता, म्हणून तिची सून पहिल्यांदाच गायला पुढे बसली. हिला जमलं नाही तर दुसऱ्या पाड्यावरची गाणारीण आणायची, असं बायकांनी ठरवून टाकलेलं. बिचारीनं सासूची गाणी टेपवर भरून घेऊन घोकून घोकून पाठ केली होती. मी नवरीचा हात धरला आणि तिनं एकही शब्द न चुकता सुरू केलं:

बांगडीवाली, बांगडीवाली, छत्री तुझी काळी...

छत्रीवाली तर कबरीत होती. माझे डोळे भरले, सुनेचा चेहरा पांढराफटक पडला, आणि बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मला तिची दया आली, थोडा रागही आला. मी म्हटलं, "का गं, माझ्यात चिडवण्यासारखं काहीच नाही?"

तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. जीपमधला प्रताप माझ्या ओढणीवर तसाच होता.

काकणं आणली हिरवी गं, तोंड त्याहून हिरवं,
ओकत आली घाटभर, हिला पायीच फिरवं!

मांडवभर हशा. नवरी इतकी हसली की तिचा हात धरून ठेवणं मुश्कील झालं. कोपऱ्यातून म्हातारी बसक्या आवाजात म्हणाली, "ताजं हाय." दुसऱ्या पाड्याचं नाव नंतर कुणी काढलं नाही.

परतताना जीप मला पुन्हा लागली. पण अर्ध्या वाटेत माझं मलाच कळलं, मी ते कडवं गुणगुणत होते.