रिठ्यात धुतलेलं कासव

मोहितेभाऊ माझ्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी खिशातून साबणाची वडी काढली आणि नळ कुठे आहे ते विचारलं. हात धुतले, स्वतःच्या रुमालाने कोरडे केले आणि मग डबीतून सोन्याचं एक चिमुकलं नाणं नुसतं कडेला धरून माझ्या तराजूत ठेवलं. नाण्यावर देवमासा होता. वजन बरोबर भरलं. मी सोनार माणूस, सवयीने म्हणालो, "याची अंगठी झकास होईल." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पुढचा आठवडाभर मला उगाचच अपराधी वाटत राहिलं.

भाऊ मांडवीचे. मत्स्य खात्याच्या कचेरीत कारकून म्हणून निवृत्त झालेले. परदेशातल्या टांकसाळी मोजकीच सोन्याची नाणी पाडतात आणि पुन्हा कधी पाडत नाहीत, त्यातली फक्त समुद्री जिवांची नाणी भाऊ जमवायचे. नवी निघाली की ती हातोहात संपत आणि तेव्हा भाऊंच्या खिशात काही नसे. त्यामुळे त्यांची सगळी खरेदी दुसऱ्या हातची. दोन-तीन वर्षं पेन्शनीतून साठवायचं आणि एक नाणं घ्यायचं. वहिनी म्हणायच्या, "आमच्याकडं खायला बांगडे आणि बघायला सोन्याचे मासे."

मी त्यांच्याशी हुज्जत घालायचो. वजनाच्या वर पैसे कशाला द्यायचे? सोनं ते सोनं. त्यावर भाऊ शांतपणे म्हणायचे, "शेट, सोनं तुमच्याकडं पन मिळतं. ह्यो देवमासा मिळंल का?" विकणाऱ्याशी त्यांचा एकच नियम होता: आधी खोट सांगायची, मग भाव. एकदा नड होती म्हणून त्यांनी स्वतःचा एक डॉल्फिन विकायला काढला. घेणारा खुशीत पैसे मोजत होता, तर भाऊंनी भिंग त्याच्या हातात देऊन कडेचा बारीक टोचा दाखवला. टोचा त्याला दिसलाच नव्हता. त्याने भाव पाडला आणि भाऊ तरीही खुशीत घरी गेले. मला तर हा शुद्ध वेडेपणा वाटला होता.

कासवाचं नाणं ते अकरा वर्षं शोधत होते. अखेर फोनवरच्या संग्राहकांच्या ग्रुपवर कोणीतरी फोटो टाकला. नाणं आंजर्ल्याच्या वैद्यकाकूंकडे होतं. त्यांचे यजमान बोटीवर होते, त्यांनी कुठल्याशा बंदरात ते घेतलेलं. यजमान गेले, वादळात वाडीतल्या नारळी आडव्या झाल्या, आणि नवी रोपं लावायला काकूंना पैसे हवे होते. फोटोवरून भाव ठरला. वजनाच्या जवळजवळ दुप्पट. काकूंना खात्री वाटावी म्हणून भाऊंनी त्यांना माझा नंबर दिला.

आणि इथे मी माती खाल्ली. काकूंचा फोन आला तेव्हा दुकानात गर्दी होती. "नाण्यावर तांबूस डाग दिसतोय हो. पाहुण्यांच्या हातात असं कसं देऊ?" गौरी-गणपतीच्या आधी दागिन्यांसाठी हजार बायकांना सांगतो तेच मी सांगून टाकलं, "रिठ्याच्या पाण्यात घाला, मऊ ब्रशने घासा."

चार दिवसांनी भाऊ आणि मी एसटीने दापोली गाठून पुढे आंजर्ल्याला गेलो. काकूंनी आमसुलाचं सरबत दिलं आणि कापसावर ठेवलेलं नाणं पुढे केलं. भाऊंनी ते उजेडाकडे तिरकं केलं. नाण्याच्या आरशासारख्या पृष्ठभागावर बारीक ओरखड्यांचं जाळं पसरलं होतं. भाऊंचा चेहरा पडला. काकू कौतुकाने म्हणाल्या, "डाग गेला की नाही? तुमच्या या सोनाराने छान उपाय सांगितलान."

मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. भाऊंनी नाणं खाली ठेवलं. आता ते गप्प बसतील असं मला वाटलं, कारण खरं सांगितलं तर म्हातारीचं मन मोडणार होतं. पण ते म्हणाले, "काकू, एक सांगतो, राग नको. घासल्यानं ह्याचा संग्राहकाचा भाव गेला. आता बाजारात वजनावरच जाईल. पन मी ठरलेलंच देनार. नाण्याला हात लावू नये, ह्ये मी सांगायला हवं हुतं. चूक माजी हाय."

"चूक माझी आहे," मी म्हणालो.

काकू ताठ बसून म्हणाल्या, "घासलं माझ्या हातांनी, आणि चूक तुमची? खोट असलेल्या मालाचे पुरे पैसे मी नाही घ्यायची."

मग जी घासाघीस सुरू झाली तशी मी धंद्यात कधी पाहिली नाही. घेणारा भाव चढवतोय आणि विकणारी उतरवतेय. शेवटी काकूंनीच निवाडा केला: चूक तिघांची, तर नुकसानीचे वाटे तीन. माझा वाटा मी तिथल्या तिथे भरला आणि कासव भाऊंच्या डबीत गेलं. इतक्या आनंदाने मी आजवर कधी पैसे दिले नव्हते. दुसऱ्या वर्षी काकूंचा फोन आला, रोपं कमरेएवढी झाली होती.

त्या दिवशी आंजर्ल्याहून परतताना भाऊंनी माझ्याकडे एकच मागितलं. त्याप्रमाणे दुकानात पाटी लागली: "नाणं घरी धुऊ नका. आधी दाखवा."

गेल्या महिन्यात लांज्याच्या एक शिक्षिका डबीबंद नाणं घेऊन आल्या. त्यांना ते मोडून मुलीसाठी कुड्या करायच्या होत्या. पाटी वाचून त्यांनी असं का ते विचारलं, आणि मी भाऊंना बोलावलं. नाण्यावर समुद्रघोडा होता. भाऊंकडे नसलेला. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "बाई, कुड्या करू नका. ह्याला वजनाच्या चौपट मिळंल. माजी तेवढी ऐपत नाय, मुंबईच्या लिलावाचा पत्ता देतो."

बाई पत्ता घेऊन गेल्या. मी म्हणालो, "भाऊ, वजनाच्या थोडं वर दिलं असतंत तरी त्या खूश होऊन गेल्या असत्या. त्यांना काहीच माहीत नव्हतं."

"म्हनून तर सांगावं लागलं," भाऊ म्हणाले.