तारा थांबल्यावरचा आवाज

अविनाशच्या बायकोचा, स्मिताचा फोन आला तेव्हा मी डोंबिवलीत बाजारात होतो. "अविनाश गेला रे," एवढंच ती म्हणाली. भाजीची पिशवी तशीच घेऊन मी कळव्याला त्यांच्या घरी गेलो. वाटेत रडू आलं नाही. आशा ठेवू नका, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं...

कॉलेजपासून आम्ही एकत्र वाजवायचो. तो इलेक्ट्रिक गिटार, मी बेस. नोकऱ्या लागल्या, बँड मोडला, पण रविवारी त्याच्याकडे बसणं सुटलं नाही. गेल्या वर्षी तो म्हणायला लागला, "वाजवायचं थांबवलं की सूंऽऽ असा आवाज येतो. पेडलमधूनच असणार." गिटारचा सूर बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या त्या इफेक्टच्या पेडलना थोडी सरसर असतेच. म्हणून त्याने घरीच नॉइज गेट बनवायला घेतलं. तारा शांत झाल्या की आवाजाची वाट बंद करणारी एक छोटी डबी. सोल्डरिंग करताना तो खुशीत असायचा. पहिल्यांदा सरसर गेली, पण विरत जाणारा सूरही मध्येच तुटायला लागला. ते त्याला सहन होईना. "सूर आपला आपण संपला पाहिजे रे," म्हणत तो पुन्हा पार्ट बदलायला बसायचा. स्मिता चहा ठेवून जायची, तो गार व्हायचा.

शेवटी एका रविवारी जमलं. सूर सावकाश विरला आणि मागे काहीच उरलं नाही. मी टाळीसाठी हात पुढे केला.

"अजून येतोय," तो म्हणाला.

मी ॲम्प्लिफायरच बंद केला. "आता?"

तो डबीकडे बघत राहिला. मग हळू म्हणाला, "आता पण. डाव्या कानात."

तपासण्यांत मेंदूतली गाठ निघाली. ऑपरेशन झालं, पण ती पूर्ण काढता आली नाही. डावा कान गेला, पुढे बोलणंही गेलं. हॉस्पिटलमध्ये मी वाकून उजव्या कानाशी विचारलं, "तो आवाज तरी थांबला का?" त्याने नकारार्थी मान हलवली आणि डोळे मिटले.

तो गेल्यानंतर बऱ्याच दिवसांनी, परवा त्यांच्याकडे गेलेलो. हॉलमध्ये स्मिता घामाघूम बसलेली. अविनाश आजारपणात आतल्या खोलीत पडून असायचा, तेव्हा हॉलमधल्या पंख्याची घरघरही त्याला सोसायची नाही.

"लावू का पंखा?" मी विचारलं.

तिने आतल्या खोलीकडे पाहिलं. "नको," म्हणाली, "राहू दे."