एक चादर, एक टॉवेल

सत्तेचाळीस वर्षांची, दोन मुलींची लग्ने करून मोकळी झालेली बाई अजून ‘धाकटी’ म्हणून ओळखली जाते, यात तिला स्वतःला काही वावगे वाटत नसे. सासूबाईंनी धुलाईखाना उभा केला तेव्हा घरात दोन सुना होत्या. थोरली पुढे वेगळी निघाली. धाकटी मात्र धाकटीच राहिली. धुलाईखान्यात सहा बाया राबत, नवरा भट्टी आणि इस्त्री सांभाळी, आणि पिकअपची चावी गेली नऊ वर्षे धाकटीच्या कमरेला होती. रविवार सोडला तर रोज सकाळी आठाच्या आत टेकडीवरच्या रुग्णालयात धुतलेले कपडे पोहोचवायचे आणि मळके खाली आणायचे, हे तिचे काम. आठ वाजता वॉर्डांतल्या खाटा बदलतात. चादर आली नाही, तर आजारी माणूस कालच्या घामात पडून राहतो. एवढी गोष्ट तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

अडचण होती ती शेवटच्या साठ-सत्तर पावलांची. शेवटच्या वळणानंतर चिकणमातीचा एक खडा चढ लागे आणि त्याच्या मधोमध बारमाही पाझर आडवा वाहे. डांबर तिथे टिकत नसे. रस्ता कुणाचा, यावर दोन खात्यांचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षे चालू होता आणि तो रस्त्यापेक्षा बराच लांब झाला होता. जड माल भरलेली गाडी तिथून कशीबशी गेलीही असती. पण धाकटीच्या गाडीत भरलेले असे ते हलके कापड. वाळूची पोती टाकून पाहिली, तर एक पोते उसवले आणि नव्वद चादरी पुन्हा धुवाव्या लागल्या. पाण्याचे पिंप ठेवून पाहिले, ते वळणावर कलंडले. पाझरावर आले की डावे मागचे चाक जागच्या जागी गरगर फिरे, चिखल उडवी, आणि उजवे चाक, जे कोरड्या कडेवर होते आणि गाडी ओढू शकले असते, ते ढिम्म उभे राही.

एका महिन्यात तीनदा उशीर झाल्यावर रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी तिला बोलावून घेतले. ते वाईट गृहस्थ नव्हते. म्हणूनच त्यांचे बोलणे जास्त लागले.

“बाई, तुमच्या धुण्याबद्दल एक शब्द बोलायला जागा नाही. पण शहरातली कंपनी मागे लागलीय. चारही चाकं ओढणारा ट्रक आहे त्यांचा.”

“मला थोडे दिवस द्या, साहेब.”

“पंधरा देतो. त्यात एक दिवस जरी आठ वाजून गेले, तर मला हात बांधून बसता येणार नाही.”

रुग्णालयाचे काम गेले असते तर धुलाईखान्यात उरली असती दोन खाणावळींची मेजपोसे. त्यावर सहा बाया जगत नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून त्या सहाही जणी पहाटे चढाच्या पायथ्याशी येऊन उभ्या राहू लागल्या. गाडी खाली थांबे, गठ्ठे पाठीवर घेतले जात आणि चढ पायी चढला जाई. वेळ साधत होती. पण त्यांतली एक पन्नाशीची होती, एकीचा गुडघा सुजला होता, आणि त्या श्रमाला कोणी मजुरी म्हणत नव्हते. त्या ते प्रेमाने करत होत्या, हे खरे. परंतु प्रेमाने केलेल्या कामाची सवय लागली की ते हक्काने मागितले जाते, हे धाकटीने सून म्हणून पुरेपूर पाहिले होते. हे चालू द्यायचे नाही, असे तिने मनाशी ठरवले.

तिचा धाकटा भाऊ वेल्डर होता. त्याच्याकडे तोडगा तयार होता.

“ताई, मागच्या दोन चाकांमधला डिफरन्शियल उघडायचा, आतले गिअर एकमेकांना वेल्ड मारून टाकायचे. दोन्ही चाकं कायमची बांधली! खर्च? माझ्यासाठी एक चहा.”

“आणि वळणावर?”

“वळणावर जरा कुरकुर करेल.”

“कुरकुर करेल की शाफ्ट तुटेल? खरं सांग.”

भाऊ डोके खाजवू लागला. “म्हणजे... कधीतरी तुटूही शकतो.”

“ज्या वळणावर तुटेल त्याच्या खाली दरी आहे, शहाण्या. आणि गावातल्या रस्त्यावर शाळेची पोरं असतात. स्वस्तात मिळालेलं सगळंच आपण भरत नाही, दुसरं कोणीतरी भरतं.”

“तू ना, वकील व्हायला हवी होतीस.”

“कपडे वकिलांचेही मळतातच की.”

तिने मिस्त्रींचे गॅरेज गाठले. मिस्त्री म्हणजे शब्द मोजून वापरणारा, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेला म्हातारा. त्यांनी गाडीची दोन्ही मागची चाके जॅकवर उचलली, गिअर मोकळा केला आणि म्हणाले, “डावं फिरवा.” धाकटीने फिरवले. उजवे चाक उलट्या दिशेला फिरले.

“दिसलं? वळताना बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, म्हणून आतली रचना दोघांना वेगळं फिरू देते. ते चांगलंच आहे. पण तिचा एक दोष आहे. जो घसरतो, त्याच्याकडे ती सगळी ताकद लोटते. ज्याचा पाय घट्ट आहे, त्याला काही मिळत नाही.”

“ओळखीची वाटतेय ही रचना,” धाकटी म्हणाली.

मिस्त्री पहिल्यांदा हसले. हवे तेव्हा दोन्ही चाके एकत्र बांधणारा नवा लॉक बसवायचा तर त्याला जवळजवळ अर्ध्या गाडीची किंमत पडत होती. ते बोलणे तिथेच संपले. दुसरी वाट अशी होती की भंगारात याच बनावटीची, पण घसरण आवरणारा डिफरन्शियल असलेली गाडी शोधायची. त्याच्या पोटात चकत्यांची चवड असते: एक पोलादी, तिच्यालगत खरखरीत अस्तराच्या दोन, पुन्हा पोलादी. चाक एकटे पळू लागले की या चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि दुसऱ्या चाकाला सोबत ओढतात.

चार दिवस दोघांनी भंगारवाले पालथे घातले. पाचव्या दिवशी मिळाला. मिस्त्रींनी क्राउन आणि पिनियन या एकमेकांत अडकणाऱ्या चाकांचे दाते मोजले, शाफ्टच्या खाचा मोजल्या, सगळे जुळले. रविवारी रुग्णालयात कपडे जात नसत. तेव्हाच तो गाडीत चढवायचा, असे ठरले. तोवर गाडी रोज चालू राहायला हवी होती. मिस्त्रींनी भंगारातून आणलेला डिफरन्शियल बाकावर खोलला. चकत्या काळ्याकुट्ट तेलाने माखल्या होत्या, पण अस्तर शाबूत होते. “यांना स्वच्छ पुसून नव्या तेलात दिवसभर बुडवून ठेवायचं,” असे सांगून त्यांनी त्या फडक्यात बांधून धाकटीच्या हवाली केल्या, कारण गॅरेजच्या धुळीवर त्यांचा विश्वास नव्हता.

धाकटीने गाठोडे धुलाईखान्याच्या फळीवर ठेवले आणि ती गठ्ठे पोहोचवायला गेली.

ती परतली तेव्हा सासूबाई अंगणात ताठ बसल्या होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या या बाईने हयातीत मळलेली वस्तू नजरेसमोर तशीच राहू दिली नव्हती. त्यांच्यापुढे पांढऱ्या कापडावर चकत्या मांडल्या होत्या. आरशासारख्या चकचकीत.

“काय घाणीत ठेवतात गं वस्तू ही माणसं! सोड्यात उकळल्या चांगल्या. बघ आता.”

धाकटीने एक चकती उचलली. अस्तर ओल्या पापुद्र्यासारखे सुटून तिच्या अंगठ्याला चिकटले. दुसरी, तिसरी, चौथी. पोलादी चकत्यांना काही झाले नव्हते. पण अस्तराच्या आठांपैकी चार संपल्या होत्या. उरलेल्या चार वाचल्या त्या केवळ भांड्यात जागा नव्हती म्हणून. त्या दुसऱ्या उकळीची वाट बघत होत्या.

“काय झालं?” सासूबाईंनी विचारले, आणि सुनेचा चेहरा बघून त्यांना उत्तर कळले. “बिघडवलं का मी?”

धाकटीच्या तोंडाशी बरेच काही आले होते. तीस वर्षांचे साठलेले होते, आणि आज निमित्तही पक्के होते. तिने ते गिळले. दयेपोटी नव्हे, रविवारला दोन दिवस उरले होते आणि रागासाठी वेळ नव्हता.

“फडक्यात काय आहे ते मी सांगायला हवं होतं, आई. तुम्ही तुमचं काम केलंत.”

सुट्या चकत्या मिळत नाहीत, हे मिस्त्रींनी आधीच बजावले होते. ती उभी राहिली आणि रोजचे काम तरी उरकावे म्हणून उद्याचे गठ्ठे बांधायला बसली. खळ घातलेल्या चादरी एकमेकींवरून घसरतात. गाडीच्या हेलकाव्यात सगळी चवड विस्कटते. म्हणून प्रत्येक चादरीवर एक टॉवेल घालायचा, ही या धुलाईखान्याची रीत सासूबाईंनी घातलेली. धाकटीने बेध्यानपणे दोन टॉवेल एकावर एक ठेवले.

“अगं, दोन काय ठेवतेस?” सासूबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. चूक झाल्याने त्यांचा आवाज लहान झाला होता, पण सवय गेली नव्हती. “टॉवेलाला टॉवेल लागला तर तो काय धरणार? चादरीला लागतो तेवढाच कामाचा. दुसरा फुकट.”

धाकटीचा हात थांबला. मग ती उठली, आणि वाचलेल्या चार चकत्या घेऊन चालत गॅरेजला गेली.

“मिस्त्री, मूळ चवड कशी होती? पोलादी, मग अस्तराच्या दोन, पोलादी, पुन्हा अस्तराच्या दोन, शेवटी पोलादी. बरोबर?”

“बरोबर. दोन्ही बाजूंना तशीच.”

“मग अस्तराच्या दोन एकमेकींना चिकटून काय करत होत्या?”

मिस्त्रींनी चष्मा वर केला. “काही नाही. दोघी एकाच दांड्यावर, बरोबरच फिरतात.”

“म्हणजे धरणाऱ्या कडा एका बाजूला चारच. आता मी एक पोलादी, एक अस्तराची, एक पोलादी, एक अस्तराची, एक पोलादी लावली तर?”

मिस्त्रींनी बोटांवर मोजले. मग बाकावर चकत्या मांडून पुन्हा मोजले. “चारच. अर्ध्या चकत्यांत तेवढ्याच चार.” त्यांनी चवडीची उंची बोटाने मापली. “पण चवड बुटकी होईल. दाब बसणार नाही.”

“त्या उकळलेल्या?”

“अस्तर गेलेल्या? आतले दाते घासून काढले, तर नुसती कडी होतील. पोलादी चकतीच्या मागे भर म्हणून चालतील. वर एक पातळ कडं घालावं लागेल.” त्यांनी तिच्याकडे रोखून पाहिले. “हे तुम्हाला सांगितलं कोणी?”

“सासूबाईंनी.”

“त्यांनीच उकळल्या ना?”

“त्यांनीच.”

“भारी बाई आहे,” मिस्त्री म्हणाले, आणि कानस शोधायला लागले.

एका गोष्टीत मात्र त्यांनी काटकसर करू दिली नाही. तेल ठरलेलेच, या चकत्यांसाठी बनवलेलेच हवे. साधे तेल घातले तर वळणावर गाडी हिसके देईल आणि अस्तर जळेल. जिथे पैसा वाचवायचा नाही ती जागा ओळखणे हाही गरिबीत जगण्याचाच भाग आहे. धाकटीने मुकाट्याने पूर्ण डबा आणला.

रविवारी सकाळी जुना डिफरन्शियल खाली उतरला. मिस्त्रींनी क्राउनच्या दात्यांना रंग लावून तो पिनियनवर फिरवला, ठसा दात्याच्या मध्यावर येईपर्यंत तीनदा खोलून पुन्हा बसवला. भावाने तोंड वाकडे करत, पण न चुकता, प्रत्येक बोल्ट आवळला. दुपारी चाके पुन्हा जॅकवर होती.

“डावं फिरवा,” मिस्त्री म्हणाले.

धाकटीने जोर लावला. चाक जड होते. ते फिरले, आणि पलीकडचे उजवे चाक त्याच दिशेने फिरले.

“माझी वेल्ड असती तर...” भाऊ म्हणाला.

“गप्प बस आणि चहा पी,” ताई म्हणाली.

सोमवारी सासूबाई न विचारता पुढच्या सीटवर येऊन बसल्या. नऊ वर्षांत त्या कधी वर गेल्या नव्हत्या. “बिघडलं तर मला समोर दिसू दे,” एवढेच म्हणाल्या.

शेवटचे वळण आले. पायथ्याशी सहा बाया नेहमीप्रमाणे उभ्या होत्या, गठ्ठे पाठीवर बांधायच्या दोऱ्या हातात घेऊन. धाकटीने गाडी थांबवली नाही. चढावर एकदा थांबले की संपले, हे तिला माहीत होते. बाया बाजूला झाल्या. सासूबाईंनी खिडकीतून डोके काढून ओरडून सांगितले, “येताना घेतो गं तुम्हाला!”

पाझर आला. डावे चाक सुटले, नेहमीसारखेच. तोच गरगर आवाज. तिने पाय तसाच धरला, कमी नाही, जास्त नाही. खालून एक दबलेला कण्हल्यासारखा आवाज आला. मग गाडीला उजवीकडून कोणीतरी खांदा द्यावा तसा एक धक्का बसला, बोनेट जरा वर झाले, आणि चिखल मागे पडू लागला.

सासूबाईंनी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला होता. चढ संपल्यावरच त्यांनी हात काढले आणि पदराने त्यावरचे बोटांचे ठसे पुसले.

रुग्णालयाच्या अंगणात वळताना मागचा भाग पुन्हा कुरकुरला. व्यवस्थापक पायरीवर उभे होते. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. सात वाजून बावीस मिनिटे झाली होती.

“आवाज कसला हा?”

“दोन्ही चाकं काम करताहेत, साहेब. सवय होईल.”

“अजून सहा दिवस आहेत,” ते म्हणाले. पण चादरी उतरवायला त्यांनी स्वतः मागचा फाळका उघडला. चवड जशी बांधली होती तशीच होती, एकही चादर सरकली नव्हती.

मळके कपडे भरून गाडी खाली आली तेव्हा सहाही जणी दगडांवर बसून होत्या. त्यांना उठवायला धाकटी खाली उतरली. गुडघा सुजलेल्या बाईने हातातली दोरी गुंडाळत विचारले, “उद्या यायचं का?”

“उद्या झोपा,” धाकटी म्हणाली, आणि तिला हात देऊन गाडीत चढवले.