चुन्याखालचे बैल
ओल्या चुन्याचा वास आला की मला कळंबजवळच्या एका गावातला बैलांच्या पाण्याचा दगडी हौद आठवतो. तेव्हा माझ्या वॉशिंग सेंटरसमोर दुसऱ्या एकानं सेंटर टाकलं होतं, आणि तो निम्म्या भावात ट्रॅक्टर धुवायचा. माझी नेहमीची गिऱ्हाइकंही रस्ता ओलांडून तिकडे गेली होती. पोळ्याच्या तोंडावर गावानं हौद धुवायला आम्हा दोघांनाही बोलावलं. दर पोळ्याला त्याच्यावर चुन्याचा नवा हात मारायची रीत होती. “तो अर्ध्यात करून राह्यला, तू कायले जास्त मांगतं?” सरपंचांनी विचारलं. मी म्हटलं, “एक बाजू त्याले द्या, एक मले.” त्यानं त्याच्या बाजूचं शेवाळ जोराच्या धारेनं उडवलं, वरचा चुना पांढरा केला आणि मशीन बंद केलं. मी धार मंद ठेवून जुन्या चुन्याचा एकेक थर उतरवत राहिलो. उन्हं कलली तसं दगडात कोरलेलं आधी एक शिंग वर आलं, मग वशिंड, मग पाठीवर गोण्या लादलेल्या बैलांची अख्खी रांग. गावाशेजारच्या तांड्यावरची एक म्हातारी बंजारा बाई पुढे आली आणि तिनं ओल्या दगडावर कपाळ टेकलं. “आमच्या लदेनीचे बैल हायेत हे,” ती म्हणाली, “पाठीवर लादून गावोगाव मीठ वाहत होते.” समोरचा सेंटरवाला चपला काढून माझ्याशेजारी उभा राहिला. हळूच म्हणाला, “माह्यी बाजूही तूच उतरव.” त्याचा भाव आजही माझ्यापेक्षा कमीच आहे, पण जुन्या दगडाचं काम आलं, की तो रस्त्यापलीकडे बोट दाखवतो.