जुन्या आरीची पारख आणि शामरावजी मिस्त्री

११ मार्च १९७३, रविवार, सकाळी सव्वादहा. इतवारी बाजाराच्या मागच्या बाजूला एका कबाड्याच्या अंगणात मी उकिडवा बसून गंजलेल्या गोल आरीचे दात मोजत होतो. बावन्नपर्यंत आलो होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "दात काहून मोजून राहिला गा? बैल घ्याचा हाये का?"

मी दचकलो आणि आकडा विसरलो. मागे शामरावजी लांजेवार उभे होते. लकडगंजातल्या आरा मशीनवर त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात. तिथल्या आऱ्यांचे दात सरळ करणे आणि धार लावणे हे त्यांचे आयुष्यभराचे काम. मी घाबरत सांगितले, की घरी आईसाठी चाकू करायचा आहे आणि ज्या आरीला दात जास्त तिचे पोलाद चांगले असावे असे मला वाटते. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी विचारले, चाकूने काय कापायचे? मी म्हणालो, भाजी. मग त्यांनी आरीच्या मधल्या भोकात बोट घालून ती अधांतरी धरली आणि सायकलच्या किल्लीने वाजवली. आवाज बसका आला. ती खाली ठेवून दुसरी उचलली. तिचा आवाज बराच वेळ घुमत राहिला. ती माझ्या हातात देऊन ते स्वतःच्या कामाला निघून गेले. माझी त्यांची ओळख झाली ती अशी.

यंदा मिस्त्रींना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या घरी रविवारी जमणाऱ्या आम्हा मंडळींनी ही स्मरणिका काढायचे ठरवले आणि माझे अक्षर बरे म्हणून मलाही लिहायला सांगितले. मी सातवीपर्यंत शिकलो आहे. लिहिताना काही उणे राहिले असेल तर तो दोष माझा आहे, मिस्त्रींचा नाही.

मिस्त्रींच्या अंगणात कडुनिंबाखाली काम घट्ट धरायचा एक वाइस, पायाने फिरवायचे धारेचे चाक आणि पाण्याची बादली आहे. भट्टी नाही. नवखा माणूस विचारतो, की आगीशिवाय चाकू कसा होईल? मिस्त्री सांगतात, की आरीला कारखान्यात एकदा पाणी पाजलेले, म्हणजे तापवून विझवून कडक केलेले असते. आपण ते फक्त बिघडू द्यायचे नाही. म्हणून चाकावर पाते धरायचे आणि बोटाला चटका बसण्याआधी बादलीत बुडवायचे. पात्यावर निळा रंग चढला, की तेवढा भाग मऊ पडून वाया गेला.

निवड मात्र याच्या आधीची. पात्याचा कोपरा वाइसमध्ये धरून ते हातोडीने तोडतात. तो नुसताच वाकला आणि वाकलेलाच राहिला, तर ते लोखंड. थोडा वाकून कटकन तुटला आणि आतला दाणा बारीक राखेसारखा दिसला, तर काम होईल. मग चाकावरच्या ठिणग्या पाहायच्या. चांगल्या पोलादाच्या ठिणगीला पुढे फाटे फुटतात. सर्वांत शेवटी चिरेची परीक्षा. पात्याला रॉकेल लावायचे, स्वच्छ पुसायचे आणि वर खडू घासायचा. कुठे केसाएवढी चीर असली तर तिच्यात शिरलेले रॉकेल वर येते आणि पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटते. ती रेघ मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा किती तरी वेळ पाहतच राहिलो.

पण या सगळ्याच्या आधी त्यांचा पहिला प्रश्न असतो: काय कापायचे? भाजीला पातळ पाते, चामड्याला रुंद, बांबूला जाड आणि लवचिक. एकदा हिंगण्याकडून मोटारसायकलवर एक तरुण आला. त्याला वीतभर टोकदार चाकू हवा होता. काय कापायचे, असे मिस्त्रींनी विचारले. जवळ असलेला बरा, असे म्हणाला. मिस्त्रींनी त्याला चहा पाजला, खापरखेड्याला असलेल्या त्याच्या भावाची चौकशी केली आणि तसेच परत पाठवले. दुप्पट पैसे देतो म्हणाला, तरी केला नाही.

मी दर रविवारी त्यांच्याकडे शिकायला जाऊ लागलो आणि दोन वर्षांत मिस्त्रींनी मला पाती निवडायची मोकळीक दिली. त्या काळातली एक गोष्ट मला इथे लिहिलीच पाहिजे.

आमच्याजवळच्या वस्तीत पारबताबाई संत्र्यांच्या टोपल्या विणतात. बांबू फोडायला त्यांना सुरी हवी होती. मी एक जाड आरी निवडली. वाजवली, कोपरा तोडला, ठिणग्या पाहिल्या. गंजावर खडू नीट बसेना, म्हणून पॉलिश पेपरने घासून पाते आरशासारखे केले आणि मग रॉकेलची परीक्षा घेतली. रेघ उमटली नाही. मी वहीत लिहिले, "निर्दोष." सुरी करून दिली.

नवव्या दिवशी बांबू फोडताना ती मधोमध तुटली आणि पारबताबाईंच्या डाव्या अंगठ्याच्या बुडाशी लागली. चार टाके पडले. संत्र्यांचा हंगाम ऐन भरात होता आणि टोपल्या मागायला व्यापाऱ्यांची माणसे रोज येत होती. मला दोन दिवस जेवण गेले नाही. तिसऱ्या दिवशी तुकडे घेऊन मी मिस्त्रींकडे गेलो आणि म्हणालो, की यापुढे पाते निवडणे माझ्याच्याने होणार नाही.

मिस्त्रींनी तुकडे उन्हात धरले. तुटलेल्या कडेचा अर्धा भाग काळा होता, अर्धा चकाकत होता.

"हे काळं पाय," ते म्हणाले. "ही चीर आरीतच होती. चमकते थे परवा तुटलं. पण खडूनं काहून नाई दाखवली?"

मी काय काय केले ते सगळे सांगितले. त्यांनी तुकडे खाली ठेवले. मग त्याच आरीचा उरलेला भाग आणायला लावला. त्यावर दाताच्या बुडापासून निघालेली दुसरी एक चीर सापडली. तिच्या अर्ध्या लांबीवर त्यांनी माझ्याकडून पॉलिश पेपर घासून घेतला, अर्धी तशीच ठेवली. रॉकेल, फडके, खडू. न घासलेल्या भागावर रेघ उमटली आणि घासलेला भाग सुरू होताच थांबली. घासल्याने पोलादाचा पातळ थर सरकून चिरेचे तोंड बुजले होते.

"तीस वर्स झाले, मले हे माईत नव्हतं," मिस्त्री म्हणाले. "तुह्या हातात सफाई हाये, थेच आडवी आली."

मी म्हणालो, पारबताबाईंना तुम्ही समजावून सांगा. त्यांनी सांगितले, की बोलायचे मलाच आहे, ते फक्त सोबत येतील. आम्ही गेलो. पारबताबाई पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून लेकीला विणकाम सांगत होत्या. पाते मी निवडले होते आणि चूक माझी, एवढे मी कसेबसे बोललो.

"अगा माय," त्या म्हणाल्या. "मी त तीन दिवसांपासून या मिस्त्रीले शिव्या देऊन राहिली. साऱ्या चुकीच्या माणसाले लागल्या."

"लागू दे वं," मिस्त्री म्हणाले. "आरी माह्याच आंगणातली होती."

त्यानंतरचे दहा-बारा दिवस मिस्त्री कामावरून सुटल्यावर पारबताबाईंच्या अंगणात बसून बांबू फोडून देत. लेक विणत असे. टोपल्या वेळेवर गेल्या. आणि रविवारी जो कोणी घरी येई त्याला मिस्त्री सांगत, की आधी खडू, मग पॉलिश पेपर, आणि हे आमच्या या पोट्ट्याने शोधून काढले. मी चूक केली होती, असे त्यांनी एकदाही म्हटले नाही. मला ते ऐकून संकोच होई.

पारबताबाईंचा हात बरा झाल्यावर त्यांना नवी सुरी द्यायची होती. आम्ही कबाड्याकडे गेलो, पण मिस्त्री आत आलेच नाहीत. दारातच बिडी ओढत बसले. मी सात आऱ्या पाहिल्या, सहा टाकल्या. सुरी घेऊन आम्ही गेलो तेव्हा पारबताबाईंनी ती हातात घेतली नाही. आधी विचारले, पाते कोणी निवडले?

मी मिस्त्रींकडे पाहिले. ते दुसरीकडे पाहत होते. मी म्हणालो, "मी."

पारबताबाईंनी माझ्याकडे पाहिले, सुरी घेतली, एक बांबू उचलला आणि बुडापासून शेंड्यापर्यंत सरळ फोडला. मग दुसरा घेतला.

मिस्त्रींनी मला अनेक गोष्टी दिल्या, पण त्या क्षणी दुसरीकडे पाहिले याचे ऋण सर्वांत मोठे आहे. शामरावजी मिस्त्रींना दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभो. ज्या गोष्टी त्यांना अजून माहीत नाहीत, त्या शोधायला त्यांना पुष्कळ रविवार मिळोत, आणि त्यांतल्या काही रविवारी मी तिथे असावे, एवढीच माझी प्रार्थना आहे.